सरांना पडलेली दोन मतं

निवडणुकीची पत्रकं लोक दारातूनच केराच्या डब्यात टाकतात. सर त्यांना इस्त्री करत.

हे ऐकीव नाही. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत सर तिसऱ्या मजल्यावर राहत आणि मी पहिल्या. एकदा पाण्याच्या टाकीच्या कामासाठी सही घ्यायला वर गेलो, तर सर बनियनवर टेबलाशी उभे राहून एका उमेदवाराच्या चुरगळलेल्या पत्रकावरून इस्त्री फिरवत होते. शेजारी लाल पेन. काकू आतून म्हणाल्या, "माझ्या साड्या आठवडाभर तशाच पडल्यात. पण आधी त्याचं तोंड सरळ करायचंय यांना."

"सुरकुतलेला पेपर मी आयुष्यात तपासला नाही," सर म्हणाले.

देवळाली कॅम्पच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला वीस गुणांचा विषय. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी विसरायचा. सर मात्र निवृत्त झाल्यावरही तो विसरायला तयार नव्हते. प्रत्येक पक्षाचं, प्रत्येक अपक्षाचं पत्रक ते वीसपैकी गुण देऊन तपासत आणि स्वतः चालत जाऊन उमेदवाराच्या कचेरीत परत देत. त्यावर शेरे असत. 'प्रश्न दुसरा सोडवलेला नाही.' 'मागच्या निवडणुकीच्या पेपरातून नक्कल.' 'फोटो सहा, मुद्दे दोन.' सातला पास. माझ्या माहितीत एकच माणूस पास झाला. सायकल दुरुस्तीचं दुकान असलेला एक अपक्ष होता. त्यानं चार ओळींत वॉर्डातल्या कुठल्या दोन नाल्या तुंबतात आणि का, एवढंच लिहिलं होतं. सरांनी त्याला अकरा दिले. त्याचं डिपॉझिट जप्त झालं. निकालाच्या संध्याकाळी सर त्याच्या दुकानात गेले आणि स्वतःकडे सायकल नसताना एक घंटी विकत घेऊन आले. ती त्यांनी दारावर बेलच्या जागी बसवली. सरांकडे गेलं की घंटी वाजवावी लागे, आणि आतून काकूंचा आवाज येई, "या, ब्रेक लावून या."

"सर, तुमचा पक्ष कुठला?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "पर्यवेक्षक." काकू उघडपणे एका पक्षाच्या होत्या आणि तसं भाजीवाल्यालाही सांगत. सरांनी कुणाला मत दिलं हे मात्र चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना कळलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी सर पावणेसातलाच रांगेत पहिले उभे असत, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. परत आल्यावर काकू विचारत, "कुणाला?" सर विचारत, "पोहे झाले का?"

माझी आणि त्यांची ओळख मात्र सोसायटीतली नाही. माझे वडील कॅम्पच्या बाजारात शिंपी होते, जवानांच्या वर्दीवर नावाच्या पट्ट्या शिवत. मी सरांच्या वर्गात होतो. आमच्या वर्गाची हजेरी म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल होतं. तमिळ, पंजाबी, गढवाली, बंगाली, आणि मध्येच आम्ही बाजारातली मराठी पोरं. कुणाच्या वडिलांची बदली झाली की वर्षाच्या मधेच बाक रिकामा व्हायचा. सर गेलेल्या मुलाचं नाव महिनाभर हजेरीत पुकारत. कुणीच 'हजर' म्हणत नसे. मग सर म्हणत, "देशातच आहे, वर्गात नाही," आणि पुढचं नाव घेत.

दर महिन्याला ते चिठ्ठ्या टाकून वर्गाचा मॉनिटर निवडायला लावत. मतं मोजून झाली की चिठ्ठ्या फाडत आणि बजावत, "कुणाला दिलं ते आईलासुद्धा सांगायचं नाही." एकदा एका तमिळ हवालदाराची मुलगी निवडून आली. तिचं मराठी मोडकं होतं. दोन पालक तक्रार घेऊन आले की बाहेरच्या मुलीचं आमच्या मुलांनी का ऐकायचं? सर त्यांना म्हणाले, "वर्गानं निवडलीय. तुम्ही वर्गात नाही, मीही नाही." त्या मुलीनं महिनाभर आम्हाला सुतासारखं सरळ ठेवलं. कंटाळून पुढच्या महिन्यात आम्ही, 'कुणाचंच नाव फळ्यावर लिहिणार नाही' असं वचन देणारा एक मुलगा निवडला. वर्गाचा बाजार झाला. खडू उडत होते, कुणाचं दप्तर खिडकीबाहेर जात होतं, आणि सर हाताची घडी घालून खुर्चीत बसलेले. आम्ही शेवटी त्यांनाच विनवलं, "सर, त्याला काढा." सर म्हणाले, "मी कशाला काढू? तुम्ही आणलाय, भोगा. महिना तीस दिवसांचाच आहे, नशीब समजा."

मी त्यांचा आवडता विद्यार्थी नव्हतो. पण चाळिशीत मी त्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि जिन्यात सर भेटले, तेव्हा त्यांनी मला नावानं हाक मारली आणि वडिलांच्या शिलाई मशीनचा आवाज कसा होता तेही सांगितलं. पुढे मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो, तेव्हा सर्वांत जास्त आनंद त्यांनाच झाला. "आपल्या वर्गातला एक तरी सत्तेत गेला," म्हणाले.

सरांचा एक हट्ट सगळ्यांना माहीत होता. राष्ट्रगीत कानावर पडलं की ते उभे राहत. टीव्हीवर क्रिकेटची मॅच सुरू होताना, शेजारच्या शाळेतून सकाळी आवाज आल्यावर, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धी दाढी झालेली असताना. पण दुसऱ्यानं उभं राहावं असं ते कधी म्हणाले नाहीत. "मला कुणी हुकूम दिला तर मी उभा राहणार नाही," असंही म्हणत. आम्हाला वाटे, ही नुसती बोलायची गोष्ट.

मग एका वर्षी सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला आमच्या वॉचमनची आई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. पेठ तालुक्याकडची म्हातारी, दोन्ही गुडघे गेलेले. राष्ट्रगीत सुरू झालं आणि चेअरमनचा जावई तिच्यावर ओरडला, "ए आजी, ऊठ! ऊठ म्हणतो ना!" ती हात जोडून म्हणाली, "गुडघं लय दुखतंय रं बाबा, नाय उठवत." तो म्हणाला, "देशासाठी दोन मिनिटं उठता येत नाही?" सर तिच्या शेजारीच ताठ उभे होते. त्यांनी एकदा जावयाकडे पाहिलं, मग सावकाश, गुडघ्यावर हात टेकत, तिच्या शेजारी पायरीवर बसले.

कुणीतरी मोबाइलवर हे घेतलं. पण घेतलं ते सर बसतानाचं. म्हातारी चौकटीबाहेर राहिली, ओरडणंही राहिलं. संध्याकाळपर्यंत ती क्लिप आमच्या ग्रुपवरून शेजारच्या चार सोसायट्यांत गेली. 'मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारे हेच का?' 'यांना पेन्शन देश देतो.' एकानं तर सरळ 'देशद्रोही' लिहिलं. तो रोज सकाळी सरांकडून पेपर मागून नेणारा माणूस होता.

मी त्या वेळी चार फुटांवर होतो. मी सगळं पाहिलं होतं, आणि ग्रुपचा ॲडमिनही मीच होतो. मी खरं काय घडलं ते तीन ओळींत टाइप केलं. मग पुसलं आणि हात जोडल्याची खूण टाकली. बायकोनं विचारलं, "लिहिलंस का?" मी म्हणालो, "शांत होईल आपोआप." सरांकडे साधा फोन होता, ग्रुप त्यांनी कधी पाहिला नाही. पण पेपर मागणारा यायचा बंद झाला, तेव्हा त्यांना कळलं असणार.

आमच्या सोसायटीत पंधरा ऑगस्टला पाहुणा बोलवायची रीत नव्हती. सोसायटी झाल्यापासून झेंडा सर्वांत वयस्कर रहिवाशाच्या हातून लागे. त्या मे महिन्यात आधीचे आजोबा गेले आणि पाळी सरांची आली. त्यांना मी इतकं उत्सुक कधी पाहिलं नव्हतं. उजवा खांदा आखडलेला होता, म्हणून त्यांनी गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या कप्पीच्या दोरीला पंचा बांधून डाव्या हातानं वर चढवायचा सराव सुरू केला. काकू म्हणाल्या, "आठ दिवस झाले, माझा पंचा सलामी घेतोय. आणि मी ओले कपडे खुर्चीवर वाळवतेय."

"सर, काही बोलणार का त्या दिवशी?" मी विचारलं.

"दोन वाक्यं. तिसरं आलं की माणूस पुढारी होतो."

ऑगस्ट उजाडला आणि भाऊ आले. महापालिकेची मुदत संपून बराच काळ गेला होता, निवडणूक काही होत नव्हती. त्यामुळे आमच्या भागात उमेदवार नव्हते, नुसते इच्छुक होते, भाऊ त्यांतलेच एक. कुणी सोसायटीला रंग लावून देई, कुणी बाकडी देई. भाऊंनी आमच्या आवारात पेव्हर ब्लॉक टाकून द्यायचं कबूल केलं, वर दोन मोठे दिवे. ते कमिटीसमोर खुर्चीच्या कडेला बसून म्हणाले, "मला काय नको हो. फक्त पंधरा ऑगस्टला झेंडा आपल्या हातून लागला पाहिजे. मंडळींशी ओळख होते, दुसरं काय."

कमिटीत आम्ही पाच जण. चेअरमन, खजिनदार, तळमजल्यावरचे होमिओपॅथीचे डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आणि मी. भाऊ गेल्यावर चेअरमन म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, लोक ती क्लिप विसरलेले नाहीत. राष्ट्रगीताला ज्यानं बूड टेकवलं त्यानं झेंडा लावायचा?"

बँकेच्या बाई भडकल्या. "का टेकवलं ते तुम्ही पाहिलंय. तुमचाच जावई होता!"

"मी पाहिलंय हो. ग्रुपनं नाही पाहिलं."

डॉक्टर म्हणाले, "मग ग्रुपवर सांगा ना कुणीतरी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वाद नको. चिठ्ठ्या टाकू."

"हात वर करायला काय झालं?" बाईंनी विचारलं.

"सरांचीच पद्धत आहे ती," मी म्हणालो. हे वाक्य मला आजही झोपू देत नाही.

पाच चिठ्ठ्या. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मी छापील वळणानं लिहिलं. लिहिलं ते 'भाऊ'. कारण मोठं नव्हतं. ग्रुपवर एकानं 'सेक्रेटरी कुणाच्या बाजूचे?' असं विचारलं होतं आणि ते मला लागलं होतं. आणि माझी नवी गाडी रोज चिखलात उभी असे. मला पेव्हर ब्लॉक हवे होते. मनात म्हटलं, एका सकाळचा तर प्रश्न आहे, सरांना पुढच्या वर्षी मिळेल. सेक्रेटरी म्हणून चिठ्ठ्या मीच उघडल्या. स्वतःची चिठ्ठी उघडून मी ती मोठ्यानं वाचली. भाऊंना तीन, सरांना दोन. मग सगळ्या चिठ्ठ्या मी फाडल्या.

घरी बायकोनं विचारलं, "तू सरांनाच दिलंस ना?" मी म्हणालो, "म्हणजे काय!"

सरांना सांगायचं काम माझ्याकडेच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो आणि घंटी वाजवली. काकूंनी ब्रेकचं काही म्हटलं नाही, नुसतं दार उघडलं. कप्पीच्या दोरीवर साड्या वाळत होत्या. सर टेबलाशी बसले होते.

"सर, कमिटीचं असं ठरलं की यंदा…"

"किती किती?"

"तीन–दोन."

"चिठ्ठ्या?"

"हो. मीच सुचवलं."

"छान." त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "दोन मतं पडली म्हणायची मला. त्यातलं एक तुझं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. काकू स्वयंपाकघराच्या दारात कपबशी पुसत उभ्या होत्या, त्यांचाही हात थांबला होता. मी हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. मान मात्र डोलावली.

"बरं," सर म्हणाले. "चहा घेतोस?"

मी चहा घेतला.

पंधरा ऑगस्टला भाऊ पाऊण तास उशिरा आले. सोबत दोन गाड्या आणि फोटोवाला. सर मागच्या रांगेत उभे होते, मतदानाच्या दिवसाच्या त्याच पांढऱ्या शर्टात. भाऊंनी दोरी ओढली, ती अडकली, वॉचमननं सोडवली, झेंडा वर गेला. राष्ट्रगीत झालं. वॉचमनची आई पायरीवर बसूनच होती. या वेळी तिला कुणी काही म्हणालं नाही. पाहुण्यांसमोर कशाला? सर शेवटच्या ओळीपर्यंत ताठ उभे. मग भाऊ तेवीस मिनिटं बोलले. देश, माती, रक्त, आणि मध्येच पेव्हर ब्लॉक. पेढे वाटताना मी सरांजवळ गेलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून हसत विचारलं, "किती दिले, सर? वीसपैकी?"

"आज तपासला नाही रे. चष्मा वर राहिला."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

त्यानंतर सर जेमतेम दहा महिने जगले. आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही. दिवसातून दोनदा त्यांना माझ्या दारावरून जावं लागे. पूर्वी ते सरळ चढून जात. आता पहिल्या मजल्यावर थांबू लागले. कठड्याला हात टेकून उभे राहत आणि दार उघडं असलं तर आत डोकावत. "काय, आहेस का? काही विशेष?" मी म्हणे, "काही नाही सर, चाललंय." ते आणखी जरा थांबत. "बरं, येतो." मला वाटे, दम लागतो, वय झालं. मी एकदा त्यांच्यासाठी जिन्यात खुर्चीसुद्धा ठेवली. ते तिच्यावर कधी बसले नाहीत.

सांगायचं माझ्या मनात होतं. दिवाळीला जाऊ असं ठरवलं होतं. मग संक्रांतीला. तिळगूळ घेऊन खरंच वर गेलो, तर तिथे दोन पाहुणे होते. त्या पाहुण्यांचे मी मनातल्या मनात आभार मानले.

पुढच्या उन्हाळ्यात सर गेले. सकाळी चहा मागितला, तो यायच्या आत. खांदा देताना मी पुढे होतो. लोक म्हणाले, सेक्रेटरीनं मुलासारखं केलं.

भाऊंनी अर्ध्या आवारात ब्लॉक टाकले. मग त्यांनी पक्ष बदलला, नव्या पक्षानं तिकीट नाकारलं, आणि ब्लॉकचा उरलेला ढीग एका रात्रीत ट्रकमध्ये भरून गेला. दिवे आलेच नाहीत. माझी गाडी उरलेल्या अर्ध्यात उभी असते. निवडणूक शेवटी झाली तेव्हा मीही सकाळी लवकर रांगेत गेलो. पत्रकं सगळी वाचली होती. बटणासमोर उभा राहिलो आणि मला एकही नाव असं दिसेना, ज्याच्यासाठी मी बोट उचलावं. पण मग वाटलं, माझ्यासारख्यानं उमेदवारांत काय शोधायचं? बरा माणूस निवडायची एक संधी मला मिळाली होती. पाचांत एक मत होतं माझं, आणि मी ते छापील अक्षरात लिहून टाकलं होतं.

गेल्या महिन्यात काकू घर बंद करून पुण्याला मुलीकडे गेल्या. आवराआवरीला मी वर गेलो होतो. पत्रकांचे गठ्ठे निघाले, सगळ्या घड्या नीट. काकू माळ्यावरून काढलेल्या पेटीवर बसून कपडे निवडत होत्या. मध्येच म्हणाल्या, "त्या झेंड्याच्या वेळी मी फार चिडले होते रे तुझ्यावर."

मी पत्रकांचा गठ्ठा सुतळीनं बांधत होतो.

"तू सांगायला आलास ना, त्याच्या आदल्या संध्याकाळीच डॉक्टर आणि बँकेच्या बाई येऊन गेले होते. बाई तर रडल्या. म्हणाल्या, आम्ही दोघांनी सरांनाच दिलं, पण नाही झालं. मग भाऊंचं तिसरं मत कुणाचं ते मोजायला काय लागतं? मी यांना म्हटलं, उद्या आला तर घरात घेऊ नका. तर म्हणाले, येऊ दे. सांगेल तो. आपल्या वर्गातला आहे, वेळ लावेल, पण सांगेल."

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"मी मधूनमधून विचारायचे, सांगितलं का त्यानं? तर म्हणायचे, तुला काय करायचंय, तो माझा आणि त्याचा प्रश्न आहे." काकूंनी एका पांढऱ्या शर्टाची घडी मोडून परत घातली. "सांगितलंस ना रे तू? गेले त्याच्या आधी?"

"हो, काकू," मी म्हणालो.

"बरं झालं. मला आपलं वाटत राहायचं, राहूनच गेलं की काय." त्या उठल्या आणि पेटीची एक कडी त्यांनी धरली. "चल, दुसरी बाजू धर. जड आहे, सांभाळून."

मी दुसरी बाजू धरली. आम्ही दोघं पेटी घेऊन तीन मजले उतरलो. काकू माझ्या पुढे होत्या, त्यामुळे त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता.